शर्वरीची चाल

भिंतीला कान असतात, हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. रस्त्याला कान बसवायला मात्र शासनाचं अनुदान यावं लागलं.

येरळा विद्यापीठ माळावर आहे. खाली पेठ, पेठेत यंत्रमागांची खडखड, आणि तिथून चढण चढत गेलं की पवनचक्क्यांच्या रांगेत विद्यापीठाच्या इमारती. ज्ञान उंचावर असावं असं स्थापनेच्या वेळी कुणाला तरी वाटलं असणार. वसतिगृहं मात्र खाली पेठेत, कारण पाणी खाली होतं. ज्ञान वर आणि पाणी खाली असल्यामुळे हजारो मुलंमुली रोज सकाळी चढायची आणि संध्याकाळी उतरायची. एका मोटारसायकलवर तिघं, परीक्षेच्या दिवसांत चौघं. उरलेली वडापमध्ये. वडाप म्हणजे भरून झाल्यावरही भरत राहणारी जीप. चढणीच्या मधल्या वळणावर एक बाभूळ होती. तिला दरवर्षी एखादा नवा फोटो टांगला जायचा, हार घातलेला, कॉलेजच्या ओळखपत्रावरूनच मोठा करून घेतलेला.

एका वर्षी त्या बाभळीला तीन फोटो लागले आणि नव्या कुलगुरूंनी ठरवलं, पेठेच्या वर पेट्रोल येणार नाही. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी रुंद वाट बांधली गेली. दुतर्फा कडुनिंबाची रोपं लावली. त्यांची सावली पुढच्या पिढीला मिळेल असा अंदाज होता. ज्यांना चालणं जमणार नाही त्यांच्यासाठी बिनचालकाच्या छोट्या विजेच्या बसगाड्या आल्या. त्यांना वेळापत्रक नव्हतं. माणसं जमली की गाडी यायची. माणसं जमली हे गाडीला कसं कळायचं, तर वाटेखालच्या काचेच्या धाग्यामुळे.

हा धागा भौतिकशास्त्राच्या सुलभा नाईकनवरे मॅडमनी पुरला. केसाएवढा बारीक, आपल्या घरात इंटरनेट आणतो तसलाच. त्याच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा प्रकाश सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजाग अतिसूक्ष्म उणिवा असतातच, आणि अशा प्रत्येक उणिवेवर आपटून प्रकाशाचा एक कण माघारी फिरतो. वरून कुणी पाऊल टाकलं की माती दबते, धागा कल्पनाही करता येणार नाही इतका थोडा ताणला जातो, आणि तिथून परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. प्रकाश किती वेळाने परतला यावरून जागा कळते, लय कशी बदलली यावरून पाऊल. म्हणजे काचेचा एक धागा पुरला की वाटभर हातहात अंतरावर कान बसवल्यासारखं झालं. मॅडमनी या योजनेला ‘कानोसा’ नाव दिलं. यंत्रमागांची खडखड, पवनचक्क्यांची घरघर आणि धनगरांची मेंढरं यांचे आवाज बाजूला काढायला त्याला आधी शिकवावं लागलं. उद्घाटनाला कुलगुरू पुढे आणि मान्यवर त्यांच्या मागे, असे सगळे दाटीनं चालत गेले. वरच्या पडद्यावर नोंद उमटली : कळप, दिशा अनिश्चित.

मुलांनी वाट वापरावी म्हणून कुलगुरूंनी ‘पायगुण’ काढले. वसतिगृहात राहणाऱ्यानं आठवड्यात तीन दिवस चालत किंवा सायकलवर वर जायचं. खालच्या खांबाला ओळखपत्र लावायचं, चालायला लागायचं, वरच्या खांबाला पुन्हा लावायचं. कार्ड मित्राच्या हातात देऊन स्वतः झोपून राहता येऊ नये म्हणून कानोसा चालही तपासायचा. आई नाही का, जिन्यातल्या पावलांवरून आपलं कुठलं पोर आलं ते स्वयंपाकघरातून सांगत? टाच कशी टेकते, डाव्या-उजव्या पावलात किती क्षण जातात, अंगाचा भार कसा सरकतो, हे प्रत्येकाचं निराळं असतं. जुलैत प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला एकदा चालवून त्याची चाल नोंदवून घेतली जायची. पुढं मॅडमनी त्यात एक चांगली सोयही घातली. एखाद्याची चाल हळूहळू बिघडत चालली तर आरोग्य केंद्राला आपोआप सूचना जाई. पहिल्याच वर्षी त्यातून ग्रंथपालांचा कंपवात इतका लवकर सापडला, की तो त्यांना स्वतःला अजून सापडलेला नव्हता.

पायगुण पुरे झाले नाहीत तर खोली जायची. आणि कुणी दुसऱ्याच्या नावावर चालताना सापडलं तर दोघांचीही.

आता, हजेरीच्या वेळी आवाज बदलून दुसऱ्यासाठी ‘यस मॅडम’ म्हणणं ही आपल्याकडची जुनी, आदरणीय कला. तिला प्रॉक्सी म्हणतात, आणि ती मैत्रीची किमान अट समजली जाते. आवाज गेला आणि पाय आले, एवढ्यानं ती कला मरेल असं ज्यांना वाटलं ते कधी कॉलेजात गेले नसावेत. मुलांनी एकमेकांचे बूट घालून पाहिले, खिशात दगड भरून पाहिले. कानोशानं सगळ्यांना पकडलं.

एकीला सोडून.

शिरीन मुलाणीला चाली यायच्या. म्हणजे नकला. मुलींच्या वसतिगृहात रात्रीची जेवणं झाली की ती व्हरांड्यात चालून दाखवायची आणि मुली ओळखायच्या. रेक्टरबाईंची चाल, परीक्षा विभागातल्या कारकुनाची चाल, नाईकनवरे मॅडमची, पुढं झुकून, जणू जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत. तिचे अब्बा पूर्वी याच चढणीवर वडाप चालवायचे आणि मागून येणाऱ्या पावलांवरून गिऱ्हाईक आपल्या गाडीत बसणार की नाही ते सांगायचे. हे त्यांच्याकडूनच आलं असणार.

तिची खोलीतली जोडीदारीण शर्वरी गोंजारी. आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीतून आलेली, उंच, शांत, गणिताची. ऑक्टोबरात एके सकाळी ती पलंगावरून उठेना.

“पाठ भरून आलीय गं,” ती म्हणाली. “मी आज बसनं जाते.”

“जा की मग.”

“आठवड्याचे दोनच दिवस झालेत माझे.”

“मग डॉक्टरकडनं चिठ्ठी आण. सूट देतात.”

“चिठ्ठी आणली की घरी मेसेज जातो. बाबा म्हणणार, झेपत नाही तर ये परत. वाटच बघतायत ते.” शर्वरीनं भिंतीकडं तोंड केलं. “तुला माझी चाल येते का?”

“येते म्हणजे काय! मोडक्या छत्रीसारखी चालतीस.”

“चल की मग एक दिवस.”

शिरीन हसली. रस्त्याला फसवता येतं का, हे तिला कधीचं बघायचंच होतं. तिनं शर्वरीचं कार्ड घेतलं, खांबाला लावलं आणि निघाली. खांदे मागे, मान ताठ, डावं पाऊल किंचित बाहेर टाकत, प्रत्येक पाऊल जमिनीला विचारून टाकल्यासारखं. वरच्या खांबाला कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. तिला इतका आनंद झाला की ती तिथंच स्वतःच्या चालीनं नाचली. नशीब, वरच्या खांबाच्या पुढं धागा नव्हता.

एका दिवसाचा आठवडा झाला, आठवड्याचं नेहमीचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार शिरीन स्वतःची. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती शर्वरी. खरी शर्वरी आता सगळेच दिवस बसनं जायची. बस माणसं मोजायची, ओळखायची नाही. पाठ कधी बरी असायची, कधी नसायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. “अभ्यासानं गं,” शर्वरी म्हणायची. डिसेंबरात तिचा पंजाबी ड्रेस ढगळ व्हायला लागला तेव्हा मुलींनी तिला डाएट विचारलं.

एकदा मेसमधून येताना शिरीनला मागं वळून बघावं लागलं. शर्वरी दहा पावलं मागं होती आणि तिची एक चप्पल त्याहून मागं, मेसच्या दारात पडलेली.

“अगं ए, चप्पल!”

शर्वरीनं खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती, एक पाय अनवाणी. ती बराच वेळ त्या पायाकडं बघत राहिली.

“कळलंच नाही,” ती म्हणाली.

“ध्यान कुठं असतं तुझं? त्या गणितानं डोकं फिरलंय.” शिरीननं चप्पल आणून दिली, आणि दोघी हसल्या.

त्या वर्षी रोजे थंडीत आले होते. शर्वरी म्हणाली, “उपाशीपोटी माझ्यासाठी चढू नकोस. मी जाते.” शिरीननं ऐकलं नाही. “माझ्यासाठी चढतेच आहे, तुझ्यासाठी चढले तर काय पाय झिजणारेत?” पण ईद शुक्रवारी आली आणि शिरीन गुरुवारी सकाळची चाल आटोपून गावी गेली. तिच्या स्वतःच्या शुक्रवारला सणाची सूट होती. शर्वरीचा शनिवार राहिला.

शनिवारी शर्वरी स्वतः चालायला निघाली. तिनं स्वतःचं कार्ड खांबाला लावलं आणि स्वतःच्या पायांनी चढण चढली. वाटेत चार वेळा बसली. वर पोचायला तिला जवळजवळ दुपार झाली. वरच्या खांबाला कार्ड लावलं, आणि दुसऱ्याच्या नावावर चालणाऱ्यांसाठी बसवलेली घंटा वाजायला लागली.

पहारेकरी सावंतमामा खुर्चीतून उठून आले. “कार्ड कुणाचं?”

“माझं.”

“पाय कुणाचे?”

“माझेच की.”

“मशीन न्हाई म्हणतंय.” मामांनी कार्डावरचा फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. “चेहरा जुळतोय, पोरी. पण चेहऱ्याचं काय हितं कॉलमच न्हाई.”

शनिवारी कार्यालय बंद होतं म्हणून चौकशी सोमवारवर गेली. शर्वरी गोंजारीच्या कार्डावर अनोळखी व्यक्ती चालली, अशी नोंद झाली. मामांनी त्या अनोळखी व्यक्तीला माणुसकीनं चहा पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं.

सोमवारी सकाळी शिरीन शिरखुर्म्याचा डबा घेऊन खोलीत आली तेव्हा शर्वरी जमिनीवर बसलेली होती, पलंगाला टेकून. तिच्याभोवती पाणी सांडलं होतं.

“उठता येईना,” ती म्हणाली. “मघापासून.” आणि मग, हळू आवाजात, “ते पाणी नाही.”

शिरीननं डबा खिडकीत ठेवला. तिनं आधी शर्वरीचे कपडे बदलले, फरशी पुसली आणि मगच हाका मारून मुली गोळा केल्या. इतकं शहाणपण तिच्यात कुठून आलं ते तिलाही कळलं नाही.

आरोग्य केंद्र माळावर होतं. डॉक्टर इंद्रजित बाबर तरुण, चपळ आणि काळजी घेणारे होते. त्यांनी शर्वरीच्या तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, गुडघ्यावर ठोकलं. पाय काठीसारखे ताठ झाले होते आणि ठोकलं की उसळत होते. “कधीपासून?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता भिंतीवरच्या पडद्याकडं वळले. तिथं कानोशाची नोंद होती. चौकशीसाठी आलेल्या नाईकनवरे मॅडमही पडद्यासमोरच उभ्या होत्या, पुढं झुकून.

“गुरुवारपर्यंत चाल एकदम निरोगी,” मॅडम म्हणाल्या. “शनिवारी अनोळखी. म्हणजे शनिवारी ही स्वतःच होती, आणि चाल इतकी बिघडलेली की रस्त्यानं तिला ओळखलंच नाही.” त्या शर्वरीकडं वळल्या. “बाळ, आपण तुला उगाच चोर ठरवलं.”

“म्हणजे दोन दिवसांत,” डॉक्टर म्हणाले. “अचानक. मज्जारज्जूला सूज आलीय. अशात एक तासही महाग असतो, मॅडम. मिरजेला पाठवायचंच, पण सूज उतरवणारं औषध इथंच सुरू करतो. मोठा डोस. शर्वरी, शनिवारच्या आधी काही त्रास होता का? पाय जड, मुंग्या, पाठदुखी?”

शर्वरीनं शिरीनकडं पाहिलं नाही. “नाही,” ती म्हणाली. “गुरुवारी चालत आले होते की.”

सिस्टर औषध भरायला गेल्या. मॅडम आणि डॉक्टर पडद्यापाशी बोलत होते. शिरीन पलंगाजवळ वाकली.

“खोटं का बोललीस?”

“गप बस.” शर्वरीनं तिचं मनगट धरलं. पायांत नव्हतं ते सगळं बळ त्या हातात होतं. “दोघींची खोली जाईल. तुझे अब्बा तुला सांभाळून घेतील. माझी खोली गेली तर मी परत येणार नाही, शिरे. मला येऊच देणार नाहीत. औषध देतायत ना? मग काय फरक पडतो कधीपासून होतं त्याला?”

काय फरक पडतो ते शिरीनलाही माहीत नव्हतं. ती मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. पण डॉक्टर ज्या खात्रीनं बोलत होते ती खात्री कुठून आली हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं. ती शिरीनच्या पायांतून आली होती. सिस्टर ट्रे घेऊन आल्या.

“डॉक्टर,” शिरीन म्हणाली, “अचानक नसेल तर?”

“काय?”

“हळूहळू होत आलं असेल तर औषध हेच का?”

डॉक्टरांनी मान वर केली. “हळूहळू आलं तर सूज नाही. मग काहीतरी आतून दाबत असतं. गाठ असेल, नाहीतर मणक्याचा क्षय. आपल्याकडं क्षयच जास्त. त्यात हे औषध एकटं दिलं तर रोग रान पेटल्यासारखा पसरतो. पण तो प्रश्न नाही इथं. तीन महिन्यांची चाल समोर आहे.”

“ती चाल माझी आहे,” शिरीन म्हणाली.

शर्वरीनं डोळे मिटले.

शिरीननं सगळं सांगितलं. ऑक्टोबर, पाठ, कोमट अंग, ढगळ ड्रेस, मेसच्या दारातली चप्पल. डॉक्टरांनी ऐकलं, पण ट्रेवरून हात काढला नाही. “मैत्रिणीचं मन मोठं असतं,” ते शर्वरीला म्हणाले. “ही काय म्हणते?”

“तिला ईदचा उपास बाधलाय,” शर्वरी डोळे न उघडता म्हणाली.

“ईदला उपास नसतो गं,” शिरीन म्हणाली, आणि तिला तिथंच रडू आलं.

मॅडम पडद्यासमोरून वळल्या. “कानोशाला फसवता येत नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “अकरा हजार मुलांवर तपासलंय मी. बूट बदला, वजन वाढवा, लंगडा. नक्कल डोळ्यांसाठी असते. लय कुणाला उचलता येत नाही.”

“तिचं कार्ड द्या,” शिरीन म्हणाली.

वरचा खांब केंद्राच्या दारातूनच दिसत होता. शिरीन उताराकडं बरीच खाली गेली, वळली. वारा होता. पवनचक्क्या फिरत होत्या. तिनं डोळे पुसले, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हे आजवर हसत हसत केलंय. खांदे मागे. मान ताठ. डावं पाऊल किंचित बाहेर. ती निघाली. ऑक्टोबरातली शर्वरी चढण चढत वर येऊ लागली. आत पलंगावर जानेवारीतली पडली होती.

तिनं वरच्या खांबाला कार्ड लावलं, आणि आत पडद्यावर अक्षरं उमटली : गोंजारी, शर्वरी. खात्री : संपूर्ण. प्रकृती : निरोगी.

मॅडम त्या तीन ओळींकडं बघत राहिल्या. मग त्यांनी, स्वतः भौतिकशास्त्राच्या असूनही, सिस्टरच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि दूर टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी मिरजेला फोन लावला. “मणका दाबला गेलाय,” ते फोनवर म्हणाले. “तीन महिन्यांची गोष्ट आहे. हो, खात्रीनं सांगतोय. जिनं पाहिलंय ती समोर उभी आहे.”

रुग्णवाहिका उतरणीला लागली तेव्हा मॅडम आणि शिरीन दारात उभ्या होत्या. मॅडम कठोर नव्हत्या, फक्त शास्त्रज्ञ होत्या. त्यामुळे त्यांच्या तोंडून ते निघून गेलं.

“ती स्वतः चालली असती तर नोव्हेंबरातच सूचना गेली असती. आपोआप. तेव्हा गोळ्यांवर भागलं असतं.”

शिरीननं मान हलवली. हे वाक्य तिनं रुग्णवाहिकेच्या आधीच स्वतःला ऐकवलं होतं.

पुढं समिती बसली. समितीत सहा जण होते आणि सहाही जण मोटारीनं आले, कारण वरिष्ठांना पेट्रोलची सूट होती. शर्वरीची खोली आजारपणामुळे राखून ठेवण्यात आली. शिरीनची गेली. शिवाय असं पुन्हा घडू नये म्हणून वसतिगृहाच्या व्हरांड्यातही धागा पुरावा, म्हणजे मुली चालण्याची नक्कल कुठं शिकतात ते कळेल, अशी शिफारस झाली. मॅडमनी त्या शिफारशीवर सही केली नाही. शर्वरीच्या नावावरची चाल पुरावा म्हणून सीलबंद झाली.

शिरीन आता गावाहून ये-जा करू लागली. पहाटे अब्बा तिला सायकलवरून फाट्यापर्यंत सोडत, तिथून एसटी, पेठेतून चालत वर. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, “पोरगी उठली का?” रोज विचारत. रोज तिला “अजून नाही” म्हणावं लागे.

उन्हाळा सुरू झाल्यावर ती मिरजेला गेली. इस्पितळाच्या लांब खोलीत बायका ओळीनं झोपलेल्या. शर्वरीचं ऑपरेशन झालं होतं, मणक्याजवळचा पू काढला होता, क्षयाच्या गोळ्या चालू होत्या, वर्षभर चालणार होत्या. पाय शुद्धीवर येत होते, पण आपण कशासाठी आहोत हे विसरल्यासारखे. पलंगाशेजारी तिचे बाबा बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर टोपी.

“मुलाणींची का तू?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“तूच ती?”

“हो.”

त्यांनी मांडीवरची टोपी डोक्यावर ठेवली. मग उठले, स्वतःचं स्टूल तिच्यापुढं सरकवलं आणि पलंगाजवळचा पाण्याचा जग उचलून भरून आणायला निघून गेले. जग जवळजवळ भरलेला होता.

“किती बारीक झालीस,” शर्वरी म्हणाली.

“बघा कोण बोलतंय.”

 “तुझ्यावर लई राग आला होता,” शर्वरी म्हणाली. “सांगितलंस म्हणून नाही. ऑक्टोबरात मी म्हटलं चल, आणि तू चाललीस म्हणून. तू नाही म्हणायला पाहिजे होतंस.”

“हो.”

“मीही म्हणायला नको होतं.”

“हो.”

एवढ्यात व्यायाम घेणाऱ्या देसाईताई आल्या. त्यांनी शर्वरीला दोन समांतर दांड्यांमध्ये उभं केलं. आजारानंतर शर्वरीला उभं राहिलेलं शिरीननं पहिल्यांदाच पाहिलं. पाय थरथरत होते. एक पाऊल पडलं, दुसरं कुठं टाकायचं ते ठरेना.

“ताकद येतेय,” देसाईताई म्हणाल्या, “पण मेंदूला जुना रस्ता सापडत नाही. स्वतःचं चालणं डोळ्यांनी बघितलं की कधी कधी सापडतो. हिच्या वडलांना म्हटलं, आजाराच्या आधीचा व्हिडिओ आणा. शंभर व्हिडिओ निघाले. केक कापताना, बक्षीस घेताना, बसून हसताना. चालताना एकही नाही. आपलं माणूस चालतंय याचा व्हिडिओ कोण काढतं?”

“विद्यापीठात नोंद होती म्हणे,” मागून बाबा म्हणाले. जग घेऊन ते दारातच थांबले होते.

“ती आकड्यांत असते,” शिरीन म्हणाली. “आणि बंद करून ठेवलीय.”

 दांड्या धरून उभ्या असलेल्या शर्वरीनं मान वळवली.

“तुला येते की.”

शिरीननं बाबांकडं पाहिलं. ते हातातल्या जगाकडं बघत होते. ती स्टुलावरून उठली, चपला काढून ठेवल्या आणि खोलीच्या टोकाला गेली. पलंगांवरच्या बायका कुशीवर वळल्या. खिडकीशी पोचल्यावर ती वळली, खांदे मागे घेतले, आणि दोन रांगांच्या मधून चालत आली.

जगातलं पाणी सांडलं. बाबांनी भिंतीला हात टेकला.

“मी अशी चालायचे?” शर्वरी म्हणाली.

“अशीच.”

“एवढ्या ऐटीत?”

“मोडक्या छत्रीची ऐट. पण होती.”

शर्वरी हसली नाही. तिचे डोळे शिरीनच्या पायांवर होते. “डावा इतका बाहेर टाकत नव्हते मी.”

“टाकायचीस.”

“नव्हते.”

“टाकायचीस गं. जुलैपासून बघतेय.”

शर्वरीनं खाली पाहिलं. डाव्या पायाची बोटं हलली. पाऊल उचललं गेलं, हवेत अडलं, आणि किंचित बाहेरच्या बाजूला टेकलं. देसाईताई काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी नुसताच हात वर केला.

“आता उजवा कुठं?” शर्वरीनं विचारलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. “परत चाल. सावकाश.”

शिरीन पुन्हा खिडकीपाशी गेली.